ऊर्जापिकं, शेतकरी आणि सरकारचा शब्द



मागच्या व्याख्यानात आपण 'वचन' या संकल्पनेबद्दल बोललो होतो. त्यानंतर एका श्रोत्यांचं पत्र आलं. त्यांची स्वतःची शेती आहे. ते लिहितात, 'सर, तुम्ही माणसाने माणसाला दिलेल्या वचनाबद्दल बोललात. पण सरकार जेव्हा शेतकऱ्याला सांगतं की हे पीक घ्या, याला भविष्य आहे, तेव्हा ते वचन असतं की नसतं?' आणि उदाहरण म्हणून त्यांनी इंधनासाठी घ्यायच्या पिकांचा उल्लेख केला होता. प्रश्न इतका नेमका होता, की आजचा ठरलेला विषय मी पुढे ढकलला.

मी काही शेतीशास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण माझं गाव माण तालुक्यातलं. धाकटा भाऊ अजून तिथे शेती करतो. त्यामुळे या विषयात जे मला कळतं, त्यातलं अर्धं पुस्तकातलं आहे आणि अर्धं त्याच्या बांधावरचं.

आधी ऊर्जापीक म्हणजे काय ते पाहू. जे पीक मुख्यतः खाण्यासाठी किंवा कपड्यासाठी नाही, तर इंधनासाठी घेतलं जातं, ते ऊर्जापीक. कधी पीक तेच असतं, उपयोग बदलतो. ऊस साखरेसाठी लावला तर अन्नपीक किंवा नगदी पीक म्हणा, त्याचं इथेनॉल करून पेट्रोलमध्ये मिसळलं तर तोच ऊस ऊर्जापीक होतो. मक्याचंही तसंच. मोगली एरंड, करंज यांच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल करता येतं. नेपिअर गवतापासून गॅस करता येतो.

शब्द नवा असला तरी गोष्ट जुनीच आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे ज्वारी पेरताना फक्त धान्याचा विचार नसे. कडबा किती निघेल हेही पाहत. मालदांडीचं कौतुक भाकरीसाठी होतं तितकंच तिच्या कडब्यासाठी. कारण बैल हे आमचं इंजिन होतं आणि कडबा त्याचं डिझेल. म्हणजे प्रत्येक शेतकरी स्वतःच्या रानाचा एक वाटा ऊर्जेसाठी राखतच होता. त्यासाठी कुठल्या सरकारला त्याला प्रोत्साहन द्यावं लागलं नाही. कारण ती ऊर्जा त्याच्याच रानात वापरली जात होती. आज आपण ज्याला ऊर्जापीक म्हणतो, त्याची ऊर्जा शेताबाहेर जाते. शहरातल्या गाडीत जाते. मग मध्ये तेलकंपनी येते, कारखाना येतो, दर ठरवणारी समिती येते. शेतकऱ्याला ही पिकं घ्यायला लावायची, तर कुणीतरी त्याला सांगावं लागतं, पटवावं लागतं. इथे 'प्रोत्साहन' हा शब्द येतो.

सरकारला हे का हवं असतं, ते समजायला कठीण नाही. आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो. आखातात युद्धाची ठिणगी पडली की आपल्या तिजोरीला झळ लागते. त्यातला थोडा पैसा जरी आपल्याच शेतकऱ्याकडे वळवता आला, तर कुणाला नको आहे? हेतूबद्दल माझा वाद नाही. तो हेतू शेतकऱ्यापर्यंत कशा प्रकारे पोचवला जातो, त्याबद्दल मी बोलणार आहे.

पहिलं उदाहरण जरा जुनं आहे. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवून पाहिली गेली. मोठी बातमी झाली. एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड, देशभरातल्या पडीक जमिनींवर लावावा. पहिल्या टप्प्यात चार लाख हेक्टर, आणि पुढे २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण करता यावं म्हणून एक कोटी हेक्टरहून अधिक. तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम या वनस्पतीबद्दल जाहीरपणे बोलत. छत्तीसगडमध्ये तर तेल आता खाडीतून नाही, बाडीतून येईल, अशा अर्थाची घोषणा निघाली. बाडी म्हणजे परसबाग. घोषणा म्हणून छानच होती.

आता मोगली एरंड आपल्याला नवा नाही. मूळ मध्य अमेरिकेचा, पण शेकडो वर्षं आपल्याकडे आहे. गावोगाव कुंपणाला लावतात. का लावतात? कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. तो विषारी आहे. शाळेतल्या मुलांनी बिया खाल्ल्या आणि दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या आपण दर काही वर्षांनी वाचतो. म्हणजे शेतकऱ्याने या झाडाची परीक्षा आधीच घेतलेली होती आणि त्याला बांधावर जागा दिली होती. रानात दिली नव्हती. एवढ्या पिढ्यांचा हा निकाल अहवाल लिहिणाऱ्यांनी कुणाला तरी विचारायला हवा होता, असं मला नेहमी वाटतं.

माझ्या भावाने लावला. साल २००६. एक दिवस जीपमधून माणसं आली. कुठली संस्था ते सांगत नाही, त्याचा उपयोगही नाही. रोपं दिली, पत्रकं दिली. पाणी लागत नाही, खत लागत नाही, कीड पडत नाही, तिसऱ्या वर्षापासून बी सुरू, पुढे तीस वर्षं उत्पन्न, आणि बी आम्ही विकत घेऊ. आमचं दोन एकर मुरमाड रान आहे ओढ्यापलीकडे, तिथे त्याने रोपं लावली. मी तेव्हा पुण्यात होतो. त्याने फोन करून विचारलं, 'दादा, लावू का?' मी शिकलेला माणूस. वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. म्हणालो, 'लाव की, राष्ट्रपतीसुद्धा सांगतायत.' (हशा) हसू नका, हे वाक्य मला अजून टोचतं.

झाडं जगली. तेवढं पत्रक खरं होतं. पण जगणं आणि पिकणं यांत फरक आहे. बिनपाण्याचं झाड जगतं म्हणजे ते स्वतःपुरतं जगतं. बी देण्यासाठी त्याला पाणी आणि खत इतर पिकांसारखंच लागतं. शिवाय हे झाड जंगली. ज्वारी-गव्हासारखी माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून तयार केलेली त्याची जात नाही. त्यामुळे एकाच फांदीवर एक फळ पिकलेलं, एक हिरवं, एक फूल, असा प्रकार. पुन्हा पुन्हा जाऊन हाताने वेचायचं. आता हिशेब बघा. सरकारने २००५ मध्ये बायोडिझेल खरेदीचं धोरण जाहीर केलं आणि त्याखाली दर ठरला लिटरला २६ रुपये ५० पैसे. एक लिटर तेलाला साधारण साडेतीन किलो बी लागतं. त्यातून गाळण्याचा, प्रक्रियेचा, वाहतुकीचा खर्च वजा करा. शेतकऱ्याच्या हातात किलोला पाच-सहा रुपयेसुद्धा मुश्किलीने येणार. वेचणाऱ्या बाईची मजुरीच त्याहून जास्त. भावाने दोन हंगाम बी गोळा केलं, पोत्यात भरून ठेवलं. न्यायला कुणी आलं नाही. २०११ मध्ये झाडं काढली. खोडं जळणाला वापरली, म्हणजे ऊर्जा मिळाली म्हणायची.

हे फक्त आमच्या रानात झालं नाही. तमिळनाडूत शरच्चंद्र लेले आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की उत्पन्न अपेक्षेच्या मानाने फारच कमी होतं आणि लागवड पडीक जमिनीपेक्षा शेतकऱ्यांच्या कसत्या जमिनीवरच होत होती. ब्रिटिश पेट्रोलियमसारखी कंपनी २००७ मध्ये या धंद्यात उतरली आणि २००९ मध्ये बाहेर पडली. दोन वर्षांत! तिला बाहेर पडता आलं. त्याच २००९ च्या डिसेंबरमध्ये आपलं राष्ट्रीय जैवइंधन धोरण जाहीर झालं. त्यात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. ते बायोडिझेलच्या बाबतीत कुठेही जवळपास आलं नाही, हे सांगायला नको.

इथे जरा थांबून 'पडीक' या शब्दाकडे पाहू. हा माझ्या धंद्याचा भाग आहे, तेव्हा सहन करा. सातबाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' अशी नोंद असते. लागवडीस अयोग्य असलेला भाग. ही महसुलाची भाषा आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती खराब. या विचाराच्या मुळाशी गेलात तर सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक भेटतो. त्याचं म्हणणं असं, की जिथे माणसाने श्रम घातले नाहीत, जी केवळ निसर्गावर सोडली आहे, ती जमीन वाया गेलेली. गंमत म्हणजे लॉकने सुद्धा चराईचं कुरण या वाया गेलेल्या जमिनीत धरलं नव्हतं. आमच्या कागदपत्रांनी तीही सवलत ठेवली नाही. माणमध्ये ज्या माळाला कागद पडीक म्हणतो, त्यावर धनगरांची मेंढरं चरतात. बाया सरपण गोळा करतात. पावसाळ्यात रानभाज्या निघतात. म्हणजे ती जमीन आधीच कुणाचं तरी अन्न आणि कुणाची तरी ऊर्जा पुरवत होती. तिच्यावर विषारी झाड लावणं म्हणजे रिकाम्या जागी काही लावणं नव्हे. तिथे असलेल्या माणसाला उठवणं आहे. आमच्या ओढ्यापलीकडच्या दोन एकरांत आधी एक मेंढपाळ कुटुंब दिवाळीनंतर वाडा घालायचं, आम्हाला खत मिळायचं. ती पाच वर्षं ते आले नाहीत. हा तोटा कुठल्याच हिशेबात आला नाही.

जट्रोफावर मी जरा जास्त बोललो. तो विषय संपला, असं कुणी म्हणेल. आता चालू असलेल्या गोष्टीकडे येतो, म्हणजे इथेनॉल. आणि इथे मी आधीच सांगतो, हे प्रकरण जट्रोफासारखं फसलेलं नाही. बऱ्याच अंशी ते यशस्वी आहे. म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहायला हवं.

सुरुवात आपल्याच भागातली. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रात, मिरजेला आणि मनमाडला. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीला. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. पण गाडी रखडलीच. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं. मग २०१८ चं धोरण आलं आणि चित्र बदललं.

काय बदललं? साखर करताना जो काळा, चिकट द्रव उरतो ती मळी. पूर्वी इथेनॉल फक्त शेवटच्या मळीपासून करायचं, जिला सी-हेवी म्हणतात. एक टन उसातून शंभर-एकशेदहा किलो साखर निघते आणि उरलेल्या मळीतून दहा-अकरा लिटर इथेनॉल. २०१८ च्या धोरणाने सांगितलं, त्याआधीच्या टप्प्यावरची, जास्त साखर असलेली बी-हेवी मळी वापरा, किंवा साखर करूच नका, थेट रसापासून इथेनॉल करा. थेट रसापासून केलं तर एका टनातून जवळजवळ सत्तर लिटर निघतं. धान्याचीही परवानगी मिळाली. तुकडा तांदूळ, खराब धान्य, पुढे मकाही. प्रत्येक कच्च्या मालाला वेगळा दर ठरला. आसवनी उभारायला व्याजात सवलत मिळाली. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं, ते २०२५ वर आणलं. ५ जून २०२२ ला पंतप्रधानांनी जाहीर केलं की १० टक्क्यांचा टप्पा मुदतीच्या पाच महिने आधी गाठला आहे. आणि २०२५ मध्ये २० टक्केही झालं.

यातून फायदा झाला का? झाला. कारखान्यांकडे साखर पडून राहायची, विकली जायची नाही, उसाची बिलं थकायची, आंदोलनं व्हायची. हे चित्र आपण वर्षानुवर्षं पाहिलं. इथेनॉलचा पैसा तेलकंपनीकडून लवकर येतो, त्यामुळे थकबाकी कमी झाली. हे मान्य करायलाच हवं.

पण आता पत्रातल्या प्रश्नाकडे या. 'अन्नदाता ऊर्जादाता होणार' असं आपण सतत ऐकतो. या यंत्रणेत शेतकरी नेमका कुठे आहे? इथेनॉलचा दर तेलकंपनी कुणाला देते? आसवनीला. शेतकऱ्याला मिळते एफआरपी. उसाची साखर झाली काय किंवा इथेनॉल झालं काय, त्याचा दर साखर उताऱ्यावर ठरतो. व्याजसवलत कारखान्याला. ज्या राज्यांत इथेनॉल कमी पडतं तिथे नव्या प्रकल्पांशी तेलकंपन्यांनी दीर्घ मुदतीचे खरेदी करार केले. ते प्रकल्पांशी. मक्याच्या शेतकऱ्याशी असा करार कुणी केला आहे का? प्रोत्साहनाची भाषा शेतकऱ्याला उद्देशून आहे आणि प्रोत्साहनाचा कागद कारखान्याच्या नावावर आहे. हा फरक लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता एक तारीख सांगतो. ७ डिसेंबर २०२३. त्या दिवशी केंद्र सरकारचा आदेश निघाला की या हंगामात उसाच्या रसापासून किंवा सिरपपासून इथेनॉल करायचं नाही. गाळप सुरू झालेलं होतं. कारण काय? त्या वर्षीचा ऑगस्ट शंभर वर्षांहून अधिक काळातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. साखर कमी होईल, भाव वाढतील ही भीती होती. पुढे निवडणुकाही होत्या. ओरड झाल्यावर आठवडाभरात आदेश थोडा सैल केला, सतरा लाख टन साखरेइतकीच साखर इथेनॉलकडे वळवायची अशी मर्यादा घातली. ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले.

आता माणसाच्या बाजूने हाच काळ पाहा. ज्या शेतकऱ्याने जुलै २०२२ मध्ये आडसाली ऊस लावला, त्याने तो १० टक्क्यांच्या सोहळ्यानंतर महिन्याभरात लावला. तो ऊस सोळा-अठरा महिन्यांचा. म्हणजे तो तोडणीला आला नेमका या आदेशाच्या दिवसांत. सरकारचा निर्णय एका संध्याकाळी बदलतो. उसाला दीड वर्ष लागतं आणि मध्ये तो बदलता येत नाही. मोगली एरंडाला तर तीस वर्षांचं आमिष होतं. एफआरपी कायद्याने ठरलेली, चौदा दिवसांत द्यायची असते, हे खरं. पण कारखान्याचं गणित बिघडलं की पहिला ताण कुणाच्या बिलावर येतो, हे इथे ऊस घालणाऱ्या कुणालाही विचारा.

सरकार खोटं बोललं असं मी म्हणत नाही. दुष्काळाच्या वर्षी साखर गाडीत घालायची की चहात, हा प्रश्न खरा आहे. ब्राझीलने १९७५ मध्ये आपल्यापेक्षा कितीतरी मोठा अल्कोहोल कार्यक्रम सुरू केला. तिथेसुद्धा १९८९ मध्ये साखरेला चांगला भाव आल्यावर पंपांवर अल्कोहोलची टंचाई झाली आणि फक्त अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांचे मालक रांगेत उभे राहिले. एकाच उसावर दोन हक्क सांगितले की असं होणारच. पण तो प्रश्न येणार आहे हे आधी माहीत होतं ना? आपल्या मॉन्सूनची ख्याती काय आज कळली? मग जून २०२२ मध्ये, 'पाऊस चांगला असेल तर' ही अट कुणी बोलून दाखवली का?

इथे तत्त्वज्ञानाची थोडी मदत घेतो. ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्याला शिकवलं की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती बोलणं म्हणजेच एक कृती असते. 'मी तुला शब्द देतो' हे असं वाक्य. 'उद्या पाऊस पडेल' हे भाकीत. भाकीत चुकलं तर सांगणारा चुकला, एवढंच. वचन मोडलं तर देणारा दोषी. आता 'मका लावा, मक्याला उज्ज्वल भविष्य आहे' हे वाक्य घ्या. हे कोण बोलतो त्यावर सगळं अवलंबून आहे. पारावर बसलेला माणूस बोलला तर भाकीत. पण दर जो ठरवतो, आयात जो खुली करतो, निर्यात जो बंद करतो, त्यानेच ते म्हटलं तर? ज्याच्या हातात भविष्य घडवण्याची किल्ली आहे तो भविष्याबद्दल बोलतो तेव्हा ऐकणारा ते भाकीत म्हणून ऐकत नाही, वचन म्हणून ऐकतो. आणि त्याने तसं ऐकावं हाच तर हेतू असतो, नाहीतर त्याला प्रोत्साहन कशाला म्हणायचं? मला प्रोत्साहनात हीच अडचण दिसते. त्याचा परिणाम वचनासारखा होतो आणि जबाबदारी मात्र भाकिताइतकीच घेतली जाते.

तुम्ही म्हणाल, हा शब्दच्छल आहे. तर कायद्यातलं उदाहरण देतो. उत्तर प्रदेश सरकारने १९६८ मध्ये नव्या उद्योगांना विक्रीकरात सूट देण्याचं जाहीर केलं. ती बातमी वाचून एका कंपनीने वनस्पती तुपाचा कारखाना काढायचं ठरवलं. पण कंपनी हुशार. तिने सरकारला पत्र पाठवून विचारलं आणि लेखी उत्तर मिळवलं की होय, तीन वर्षं पूर्ण सूट. कारखाना उभा राहिला आणि सरकार फिरलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, की तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्याने पाऊल उचललं असेल तर सरकारलाही मागे फिरता येणार नाही. याला 'प्रॉमिसरी इस्टॉपेल' म्हणतात. न्यायालयाने हेही म्हटलं, की सार्वजनिक हिताचं फार मोठं कारण असेल तर सरकार ते दाखवू शकतं, पण ते दाखवण्याचा भार सरकारवर. आणि त्या कंपनीचं नाव काय असावं? मोतीलाल पदमपत शुगर मिल्स. (हशा) साखर आपली पाठ सोडत नाही.

आता माझ्या भावाकडे काय होतं? एक पत्रक, तेही तिसऱ्याच कुणाचं. उसवाल्याकडे काय होतं? टीव्हीवरचं भाषण. त्यांचं विसंबणं त्या कंपनीपेक्षा कमी होतं का? उलट जास्त होतं, कारण त्यांच्याकडे दुसरं रान नव्हतं. पण कोर्टात उभं राहायला कागद लागतो, आणि कागद मागून घेण्याची ऐपत कंपनीची असते.

डेव्हिड ह्यूमने दोन शेतकऱ्यांचं उदाहरण दिलं आहे. माझं पीक आज काढणीला आलं, तुझं उद्या येईल. आज तू मला मदत कर, उद्या मी तुला करतो. पण भरवसा नाही म्हणून कुणी कुणाला मदत करत नाही आणि दोघांचंही पीक वाया जातं. हे वाचताना मला नेहमी आमच्याकडची सावड आठवते. ह्यूमच्या शेतकऱ्यांना सावड माहीत नव्हती, असं मी वर्गात म्हणायचो. सावड का चालायची? कारण दोघांचं घर एकाच गावात. फसवलं तर उद्या तोंड दाखवायचंय. सरकार आणि शेतकरी यांच्यात ही सोय नाही. शेतकरी आज श्रम घालतो, सरकारची पाळी दीड वर्षाने येते, आणि तोवर खात्याचे सचिवही बदललेले असतात.

मक्याचं थोडक्यात सांगतो. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाने इथेनॉलसाठी तांदूळ देणं थांबवलं, डिसेंबरमध्ये रसावर बंदी आली. मग भर मक्यावर. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला, सगळ्यांत जास्त. एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार, युक्रेनमधून मका आणू लागला. तेलाची आयात कमी करायला मक्याची आयात! आणि आणखी एक गोष्ट, जी विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांना माहीत असेल. मक्याचं इथेनॉल केल्यावर जो चोथा उरतो त्याचं पशुखाद्य होतं, बाजारात त्याला डीडीजीएस म्हणतात. ते स्वस्त पडतं, म्हणून कोंबडीखाद्यात सोयापेंडीची जागा घेतं. पेंडीला उठाव नाही, की सोयाबीनला भाव नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात तो मिळत नव्हता. त्याला इतरही कारणं आहेत, सगळं खापर इथेनॉलवर फोडू नये. पण एकाला दिलेलं प्रोत्साहन दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतं.

आणि पाणी. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात हिशेब आहे, की उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे साधारण २८६० लिटर पाणी लागतं. महाराष्ट्रात पिकांखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के तो घेतो, असं कृषिमूल्य आयोगाने नोंदवलं आहे. आमच्या माणच्या माणसाला हे आकडे ऐकवले की तो काही बोलत नाही, नुसता तुमच्याकडे बघतो. पाण्याला कागदोपत्री किंमत नसल्यामुळे हे इंधन स्वस्त दिसतं. मेंढपाळाच्या वाड्याला जशी किंमत नव्हती, तसंच.

मग काय करावं? पत्रलेखकांना मी उत्तर लिहिलं, ते इथे सांगतो. मला वाटतं, अशा प्रोत्साहनाला वचनच मानावं, पण अटींसह दिलेलं वचन. अटी आधी सांगाव्यात. साखरेचा साठा अमुक इतक्याखाली गेला तर रसाचं इथेनॉल थांबेल, हे लावणीच्या आधी जाहीर असावं. म्हणजे आडसाली लावणारा आपला हिशेब करील. दर एका वर्षाचा न ठेवता पीक जितका काळ रानात उभं राहतं तितक्या काळाचा असावा. एफआरपी २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ होती, २०२५-२६ साठी ३५५ झाली. रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ मध्ये ६५ रुपये ६१ पैसे झाला आणि पुढची दोन वर्षं तिथेच राहिला. हे कुठल्या सूत्राने, ते कुणी सांगत नाही. आणि दुष्काळात साखर आधी माणसाला, गाडीला नंतर, असं सरकारने ठरवलं तर ते योग्यच आहे, पण त्याची किंमत ज्याने तुमच्या शब्दावर पीक घेतलं त्याच्या एकट्याच्या अंगावर का? हित सार्वजनिक असेल तर भरपाईही सार्वजनिक हवी.

माझ्या पत्राला त्यांचं उत्तर आलं आहे. ते म्हणतात, 'सर, अटी आधी सांगितल्या तर कोण लावील?' हा आक्षेप मला गंभीर वाटतो. अटी सांगितल्यावर कुणी ते पीक लावणार नसेल, तर याचा अर्थ आत्तापर्यंत अटी लपवूनच काम चाललं होतं. यावर माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. भाऊ गेल्या जूनमध्ये म्हणाला, ओढ्यापलीकडच्या रानात या वर्षी मका करून बघतो. मला या वेळी त्याने विचारलं नाही.

वेळ बरीच झाली आहे. मागून हात वर झालेला दिसतोय, त्यांच्यापासून प्रश्नांना सुरुवात करू. माइक त्यांच्याकडे द्या.